बरे होण्याची भीती

प्रिय वसंता,
सप्रेम नमस्कार.

पहिल्या महायुद्धात रुग्णालयांतून घरी लिहिलेली हिंदी शिपायांची पत्रे तुला एकसुरी वाटली, असे तू लिहिलेस. 'मी खुशाल आहे, तुमची खुशाली कळवा' यापलीकडे त्यांत फारसे काही नाही, ही तुझी तक्रार वरवर पाहता खरी आहे. पण ती पत्रे किती हातांतून जात होती, हे ध्यानात घेतल्याशिवाय त्यांचा सूर लागत नाही. बहुतेक शिपाई निरक्षर असल्याने मजकूर दुसऱ्याकडून लिहवून घ्यावा लागे, आणि तो पुढे फ्रान्समध्ये एव्हलिन हॉवेल यांच्या सेन्सॉर कचेरीत वाचला जाई. सेन्सॉरला कळू नये म्हणून काहींनी हिंदी पलटणींना 'काळी मिरी' आणि गोऱ्यांना 'लाल मिरची' अशी सांकेतिक नावे दिली, तीही त्या कचेरीने ओळखली. जखमी शिपाई कविता लिहू लागले, की हॉवेल यांना ते मन बिघडल्याचे लक्षण वाटे. मला तरी हे निदान अचूक वाटते.

डिसेंबर १९१४ मध्ये इंग्लंडमधील ब्रायटनच्या रॉयल पॅव्हेलियन या जुन्या राजवाड्यात हिंदी जखमींचे रुग्णालय सुरू झाले. झुंबरांखाली खाटा आणि धर्म-जातीप्रमाणे वेगळी स्वयंपाकघरे, अशा थाटाची छायाचित्रे सरकारने मोठ्या हौसेने प्रसिद्ध केली. एका गोष्टीची मात्र जाहिरात झाली नाही: जखम भरली, की अनेकांना पुन्हा खंदकात धाडले जाई. म्हणजे 'पाय आता बरा आहे' हे वाक्य वाचून घरच्यांनी देवापुढे साखर ठेवली असेल, आणि ते सांगणाऱ्याच्या पोटात मात्र त्याच वेळी गोळा आला असेल. उघड लिहावे तर सेन्सॉर, आणि न लिहावे तर घरच्यांना कळणार कसे? ऑक्टोबर १९१४ मध्ये फ्रान्समधल्या न्यूव्ह शापेल गावी खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या, म्हणजे लष्करी अभियंत्यांच्या, दोन कंपन्यांची जी वाताहत झाली, ती पाहिलेल्या माणसाला परत जाण्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नव्हता.

शिवाय तू वाचलेस ते बहुतेक सेन्सॉरने निवडलेले इंग्रजी उतारे आहेत. पुढे गेलेली मूळ पत्रे बव्हंशी हरवली आणि संशयापोटी केलेली भाषांतरे लंडनच्या दप्तरात टिकली, तेव्हा थोडा एकसुरीपणा भाषांतरकारांच्या पदरीही घालायला हवा.

तुझ्याकडच्या प्रतींतली मार्च १९१५ नंतरची पत्रे वेगळी काढून, 'बरा आहे' कुठे कुठे येते तेवढे पुन्हा वाच आणि मला कळव.

तुझा,
मधू