ट्रान्सप्लांटच्या फाइलमध्ये मूडचाही एक कॉलम हवा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

३ ऑगस्टला अवयवदान दिन असतो तेव्हा कितीजणांना जीवदान मिळालं वगैरे बातम्या येतात, वाचून खूप बरं वाटतं. पण किडनी बसवल्यावर त्या माणसाच्या मनाचं काय होतं याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही म्हणून हे पत्र. माझ्या मिस्टरांना मीच किडनी दिलीय, त्यामुळे हे सगळं घरात बघितलंय.

ऑपरेशननंतर सुरुवातीला स्टेरॉइडचा डोस जास्त असतो. मग रात्ररात्र झोप नाही, मध्यरात्री उठून कपाट आवरायचं, अखंड बोलत राहायचं आणि सकाळी चहा गार झाला एवढ्यावरून घर डोक्यावर घ्यायचं. नातेवाईक म्हणतात, एवढं सगळं केलं तरी स्वभाव बघा कसा झालाय! अहो स्वभाव नाही, बऱ्याचदा प्रेडनिसोलोन, म्हणजे तेच स्टेरॉइड, असतं ते. डोस उतरत गेला की बहुतेकांचं कमी होतं, पण काहीजण नंतर एकदम गप्प होतात, बायकोची किडनी घेतली याचं ओझं, औषधांचा जन्मभराचा खर्च, नोकरी टिकेल का, जरा ताप आला की किडनी गेली की काय ही भीती, आणि बोलायचं कुणाशी, सगळे तर म्हणणार आता तू बरा झालास ना.

आणि हे फक्त मनापुरतं राहत नाही. मन उदास झालं की गोळ्या चुकतात, आणि गोळ्या चुकल्या की रिजेक्शनचा, म्हणजे शरीरानं नवी किडनी नाकारण्याचा धोका. उलट बाजूनंही आहे, रिजेक्शन होऊ नये म्हणून टॅक्रोलिमस नावाची गोळी असते, तिची रक्तातली लेव्हल फार वाढली तर हात थरथरतात, झोप उडते, कधी माणूस गोंधळल्यासारखा वागतो. म्हणून वागणं अचानक बदललं तर टेन्शन असेल म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना लगेच कळवा, लेव्हल आणि इन्फेक्शन दोन्ही बघायला लागतं.

पण ओपीडीत काय होतं? क्रिएटिनिन (किडनी कसं काम करते ते यावरून कळतं), टॅक्रो लेव्हल, बीपी, शुगर सगळं तारखेवार फाइलला, झोप आणि चिडचिडीची नोंद कुठेच नाही. ऑपरेशनआधी आम्हा दोघांना मानसोपचार तज्ज्ञांकडे पाठवलं होतं, नंतर कुणी विचारलंसुद्धा नाही.

डिप्रेशन किती आहे ते बघायला पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची साधी प्रश्नावली आहे, मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारतात, मार्क ० ते २७, पाच-दहा मिनिटांत होते. थकवा, भूक, झोप हे किडनीच्या आजारातही बिघडतं, म्हणून एकदाच विचारून उपयोग नाही, ऑपरेशनआधी एकदा आणि मग दर फॉलोअपला भरून घ्या आणि डोस कधी बदलला त्याच्या शेजारीच लिहा, म्हणजे गोळीमुळे आहे की दुसरं काही याचा अंदाज येतो. चिडचिड किंवा अति उत्साह त्या नऊ प्रश्नांत नीट येत नाही, म्हणून घरच्या माणसालाही वेगळं विचारा. प्रत्येक ट्रान्सप्लांट हॉस्पिटलला कोऑर्डिनेटर ठेवणं कायद्यानंच बंधनकारक आहे, त्यांच्याकडे हे काम सहज देता येईल.

तोपर्यंत घरच्यांनी गोळ्यांच्या वहीतच रोज एक ओळ लिहावी, झोप किती झाली, मूड कसा होता. आणि झोपेची, डिप्रेशनची किंवा आयुर्वेदिक कुठलीही गोळी नेफ्रॉलॉजिस्टला, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका, काहींनी टॅक्रोची लेव्हल वर-खाली होते. फारच असह्य झालं तर टेलीमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. किडनी देणाऱ्यालाही तो चालतो, आमची विचारपूस तर टाके काढल्यावर बंदच होते.

आपली,
एक वाचक, सातारा