मॅडम, ते खोडलेलं उत्तर अजून माझ्याकडं आहे

नमस्कार मॅडम,

तुमचा जुना नंबर लागत नाही. कॉलेजात जाऊन विचारलं तर ऑफिसमधले म्हणले, तासिकावाल्यांचे नंबर कोण ठेवतंय. म्हणून इथंच सगळ्यांसमोर लिहायलोय, कुणीतरी तुमच्यापर्यंत पोचवेल.

परवा रिझल्ट लागला. एम टू, म्हणजे इंजिनिअरिंगचं दुसरं मॅथ्स, निघाला. तिसऱ्या झटक्यात निघाला, पण निघाला. आईनं लगेच पेढे आणायला लावले, बाबा म्हणले मंग आता विहिरीवरचा स्टार्टर तूच नीट कर. पेढे वाटता वाटता तुमची आठवण आली, आणि खरं सांगतो, घशाशी काहीतरी आलं, म्हणून उठून बाहेर गेलो.

मी तुम्हाला आठवतो का नाही माहीत नाही. शेवटून दुसरा बेंच, जिंतूर तालुक्यातला, दहावीपर्यंत मराठी मीडियम. ज्यांच्याकडं पैसे होते ती पोरं अकरावीलाच लातूरला गेली, आम्ही गावाकडंच राहिलो, आणि इंजिनिअरिंगला इलेक्ट्रिकल घेतलं कारण घरात वायरमनचं काम जमायचं, बस. इथं आल्यावर पहिल्या सेमला जे सर होते (परमनंट बरं का) त्यांचं एकच वाक्य पाठ झालं आमचं, "हे बारावीत झालंय." काहीही विचारा, हे बारावीत झालंय. एकदा मी उभा राहून म्हणलं सर आमचं नाही झालं, तर म्हणले मग कशाला आलास, शेती काय वाईट आहे. सगळा वर्ग हसला, मी पण हसलो. त्यानंतर वर्षभर तोंड उघडलं नाही. मग एक क्लास लावला, सहा हजार रुपये भरून, तिथं त्यांनी दहा टाइपची गणितं दिली आणि सांगितलं पाठ करा, यातलंच येतं. नाही आलं.

सगळ्यात भारी गंमत सांगू का, मायनस १ च्या रूटला मॅथ्सच्या वहीत आय होता आणि बेसिक इलेक्ट्रिकलच्या वहीत जे, आणि दोन महिने मला वाटत होतं की या दोन वेगळ्या गोष्टी आहेत! कुणी सांगितलंच नाही. इलेक्ट्रिकलचे सर तिसऱ्या तासाला फेजर (एसी करंट दाखवणारे बाण) काढून मोकळे, म्हणायचे कॉम्प्लेक्स नंबर, म्हणजे हे आयवाले आकडे, तुमच्या मॅथ्समध्ये येतील, आणि मॅथ्समध्ये तो चॅप्टर येईपर्यंत इलेक्ट्रिकलचा सिलॅबस संपत आलेला. तुम्ही पहिल्याच दिवशी म्हणलात, आपल्याकडं आय म्हणजे करंट, एका अक्षराला दोन नोकऱ्या कशा देणार, म्हणून त्याचा जे केला. इतकंच होतं ते. एका वाक्याचं काम.

आणि मग तुम्ही एका पोराला उठवून फळ्याकडं तोंड करून उभं केलं, हा प्लस १. जेनं गुणलं की डावीकडं वळ. वळला. परत गुणलं, परत वळ. आता त्याची पाठ फळ्याकडं. "हे मायनस १ झालं का नाही?" अजून दोनदा वळवला तर तो होता तिथंच आला. वर्ग हसला, पण यावेळी कुणाला लाज वाटली नाही, तो पोरगा सुद्धा मजेत होता. मायनस १ चं रूट म्हणजे काय बला आहे हे मला तिथं कळलं, डावीकडं काटकोनात वळणे, अजून काय. परळीकडच्या एकाला विचारलंत की तुमच्या थर्मलचं टर्बाइन किती फिरतं, त्याचे वडील तिथंच कामाला, तो म्हणला मिनिटाला ३०००. मग ६० नं भागा, आले ५०, म्हणजे घरातले ५० हर्ट्झ, त्याला दोन पायनं गुणा, ३१४, हा तुमचा ओमेगा, म्हणजे फिरण्याचा वेग. तोवर ओमेगा माझ्यासाठी परीक्षेत लिहायचं एक वाकडं डब्ल्यू होतं.

तुम्हीच सांगितलं होतं की हे कॉम्प्लेक्स नंबर मॅथ्सवाल्यांकडं तीनशे वर्षं होते पण वीजवाले त्याच्या नादी लागले नव्हते, १८९३ मध्ये शिकागोच्या परिषदेत स्टाइनमेट्झ नावाच्या वीजवाल्या इंजिनिअरनं इंजिनिअर लोकांना समजावून सांगितलं की एसीची गणितं अशी सोपी होतात. तेव्हा तुम्ही म्हणलात, म्हणजे त्या मोठमोठ्या इंजिनिअरांना सुद्धा कुणीतरी शिकवावंच लागलं, बारावीत झालेलं नव्हतं त्यांचं. हे तुम्ही मुद्दाम म्हणलात का सहज, माहीत नाही. मी खाली मान घालून हसत होतो.

पण खरी गोष्ट मिड सेमच्या पेपरची आहे, त्यासाठीच हे पत्र. प्रश्न होता, मायनस १ अधिक रूट ३ आय पोलरमध्ये, म्हणजे लांबी आणि कोनात, लिहा. मी आकृती काढली, बिंदू डावीकडं वर आला, लिहिलं २ आणि कोन १२०. मग खात्री करायला कॅल्क्युलेटरवर टॅन इन्व्हर्स (कोन काढायचं बटण) मारला तर आलं मायनस ६०. मला वाटलं मशीन थोडीच चुकणार, चुकणारा मीच. १२० वर आडवी रेघ मारली आणि खाली मायनस ६० लिहिलं.

पेपर परत मिळाला तेव्हा त्या प्रश्नाला शून्य होतं. बरोबरच होतं शून्य, खोडलेल्याला मार्क कसे देणार. पण खोडलेल्या १२० ला तुम्ही लाल पेनानं गोल केला होता आणि बाजूला लिहिलं होतं, "हे बरोबर होतं. का खोडलं?"

मॅडम, मी ते वाक्य किती वेळा वाचलं असेल. पहिल्यांदा कुणीतरी मी खोडलेलं वाचलं होतं. चुकलं तिथं फुली मारून पुढं जाणारे खूप पाहिले, तुम्ही थांबून रेघेच्या खाली काय आहे ते बघितलं. दीडशे पेपर होते तुमच्याकडं, आणि तासाच्या हिशेबानं पगार मिळणाऱ्याला या असल्या वाचण्याचे कुणी वेगळे पैसे देत नाही. नंतर तासाला तुम्ही सगळ्यांना सांगितलं की टॅन १८० अंशांनी रिपीट होतो, १२० आणि मायनस ६० कॅल्क्युलेटरला सारखेच दिसतात, मायनस कुणाच्या डोक्यावर होता हे त्याला कुठं माहीत, ते आकृतीला माहीत असतं. माझं नाव घेतलं नाही. तेही लक्षात आहे.

त्या सुट्टीत बाबांसोबत रात्रीच्या लाईटला विहिरीवर गेलो होतो. लहानपणी मी विचारायचो की घरातल्या बल्बला फेज आणि न्यूट्रल लागतो, मग एवढ्या मोठ्या मोटरला तीनच वायर कशा, न्यूट्रल कुठंय, तर बाबा म्हणायचे तिला लागत नाही, गप बस. त्या रात्री चिखलात काडीनं तीन वायरींच्या करंटचे तीन बाण काढले, १२० वर १२० वर, तिन्हींची बेरीज शून्य, परत न्यायला करंट उरतच नाही तर चौथी वायर कशाला. बाबांनी बॅटरी मारून बघितलं आणि म्हणले मला येवढं माहितंय की एक फेज गेला की मोटर घूं घूं करती आन् जळती. तेही बरोबरच आहे, एक बाण गेला की फिरणं गेलं.

तो पेपर मी बाबांना दाखवला होता. त्यांना त्यातलं काही कळत नाही, लाल अक्षरं तेवढी वाचली आणि म्हणले, "खरंच की, काहून खोडलं रं?"

या वेळच्या पेपरात पोलरचं गणित आलंच नाही. आर एल सर्किटचं डिफरन्शियल इक्वेशन आलं, उत्तर काढलं, मग नेहमीसारखी शंका आली, पेन रेघ मारायला टेकलं सुद्धा. का खोडायलोय विचारलं स्वतःला, कारण सापडेना, तर राहू दिलं. बरोबर होतं का चूक, देव जाणे, पास झालो एवढं खरं.

रात्री अकराला हात दाखवला तर एसटी थांबवणारा कंडक्टर असतो, पावसात डीपीवर येणारा लाईनमन असतो, तशी माणसं कॉलेजात पण असतात हे मला उशिरा कळलं. आणि नेमकी तीच परमनंट नसतात, हे काय गणित आहे ते मात्र कुणी शिकवलं नाही.

यंदा दोन एकर ज्वारी टाकलीय. डिसेंबरशेवटी हुरडा येईल. येलदरीकडं कधी आलात तर नक्की या, आई शेंगादाण्याची चटणी चांगली करते. बाबांना तुम्हाला मोटर दाखवायची आहे, तुम्ही मॅथ्सच्या आहात हे सांगून पण ऐकत नाहीत.

तुमचा,
शेवटून दुसरा बेंच