डिसोझा बाईंची नोंद

वसई,
रविवार

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालास, तुझ्या वेबपानावरचा फॉर्म भरला की डेटाबेसच्या टेबलात ओळ पडते, पण मोबाइलचा रकाना कोराच राहतो. तेव्हा घाईत नीट सांगता आलं नाही, म्हणून आज निवांत लिहायला बसलोय.

आधी फॉर्ममधल्या त्या रकान्याचा एचटीएमएल टॅग उघडून बघ. त्यात आयडी असेल, पण नेम नसेल, असं मला वाटतं. ब्राउझर सर्व्हरकडे माहिती पाठवतो ती नेमच्या नावाने. आयडी त्याच्या हिशेबात नसतो. नेम नसलेल्या रकान्यात माणसाने काहीही लिहिलं तरी ते जागचं हलत नाही, आणि सर्व्हरवर फॉर्म वाचणाऱ्या तुझ्या पीएचपी कोडच्या हाती काहीच लागत नाही.

टेबलात मोबाइलला इंट, म्हणजे पूर्णांकाचा प्रकार, दिला असशील तर तोही बदल. इंटमध्ये जास्तीत जास्त २१४७४८३६४७ मावतो, आणि आपले दहा आकडी नंबर ९, ८, ७ नाहीतर ६ ने सुरू होतात, म्हणजे त्याहून मोठेच. व्हारचार, म्हणजे मजकुराचा प्रकार, ठेव. नंबरांची बेरीज आपल्याला कधीच करायची नसते.

आता खरं सांगायचंय ते. इथल्या एका वाचनालयाच्या सभासद नोंदणीचा फॉर्म मी केला होता. सगळं छान चाललं होतं. एक दिवस डिसोझा आडनावाच्या एक वयस्कर बाई वाचनालयात आल्या. तीनदा फॉर्म भरला, तीनदा चूक दाखवतोय, माझंच काही चुकतंय का, असं विचारत होत्या. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. इंग्रजीत आडनाव लिहिताना त्यांनी डी नंतर वरचा स्वल्पविराम दिला होता, जसा तो द्यायलाच हवा. मी मात्र आलेलं नाव सरळ इन्सर्टच्या, म्हणजे टेबलात ओळ भरण्याच्या आज्ञेच्या, वाक्यात पीएचपीचं टिंब देऊन जोडलं होतं. एसक्यूएलमध्ये, म्हणजे डेटाबेसला आज्ञा द्यायच्या भाषेत, मजकूर त्याच चिन्हाने सुरू होतो आणि त्याच चिन्हाने संपतो. त्यामुळे डेटाबेसला वाटलं, नाव 'डी'पाशीच संपलं. उरलेलं 'सोझा' वाक्यात उघडं पडलं आणि ती आज्ञाच मोडली. वसईत डिसोझा, डिसिल्वा, डिमेलो गल्लोगल्ली आहेत, सुहास. त्या सगळ्यांना माझ्या फॉर्मने दारातूनच परत पाठवलं असतं. ते मला फार लागलं.

आणि ज्या फटीतून सज्जन बाईंचं आडनाव अडकतं, त्याच फटीतून वाईट हेतूचा माणूस स्वतःची आज्ञा आत सरकवतो. यालाच एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. ते चिन्ह गाळून टाकणं हा उपाय नव्हे, त्याने बाईंचं नावच बिघडतं. पीएचपीतून डेटाबेसशी बोलायची पीडीओ ही सोय वापर. प्रिपेअरमध्ये वाक्य लिही, भरायच्या मजकुराच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं ठेव, आणि एक्झिक्यूटला खरी नावं वेगळी दे. मग नावात काहीही असो, डेटाबेस त्याला नावच समजतो, आज्ञा समजत नाही. ही सवय पहिल्याच फॉर्मपासून लाव, शिकण्यापुरता असला तरी.

टेबल करताना कॅरेक्टर सेट, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, यूटीएफ८एमबी४ निवड, त्यात मराठी मावतं, आणि डेटाबेसशी जोडणीच्या ओळीतही तोच लिही. मराठी अक्षरं नसलेल्या जुन्या लॅटिन१ टेबलात 'सुनंदा' भरलं तर सहा प्रश्नचिन्हं साठलेली मी पाहिली आहेत. एकदा ती साठली की त्यातून सुनंदा पुन्हा मिळत नाही.

बाकी दोन गोष्टी थोडक्यात. नोंद झाल्यावर दुसऱ्या पानावर पाठव, नाहीतर कोणी रिफ्रेश केलं आणि ब्राउझरने विचारल्यावर हो म्हटलं की तीच नोंद दोनदा होते. आणि साठवलेलं नाव पानावर दाखवताना पीएचपीच्या एचटीएमएलस्पेशलचार्स या फंक्शनमधून काढ, म्हणजे त्यातली चिन्हं ब्राउझर पानाचा कोड समजत नाही; साठवताना मात्र नको.

बाईंची नोंद मी त्याच संध्याकाळी त्यांच्यासमोर करून दिली. पडद्यावर आडनाव बरोबर उमटलेलं त्यांनी चष्मा सावरून दोनदा वाचलं.

तुझी फाइल पाठव, डेटाबेसचा पासवर्ड तेवढा काढून. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
मंगेश