बफ मारलेल्या बंदुका आणि ‘विश्वासू’ विक्रेते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीत जुन्या लष्करी बंदुकांचे संग्राहक आणि त्यांचे ‘विश्वासू विक्रेते’ यांच्यावरचा लेख वाचला. या छंदाला पानभर जागा दिलीत, त्याबद्दल आभार. पण छायाचित्राखालची ओळ वाचून संताप आला. ‘राणी लक्ष्मीबाईंच्या सैन्यातील बंदूक, १८५७.’ अहो, नळीच्या मागच्या टोकाला उजवीकडे उघडणारे झाकण छायाचित्रात स्वच्छ दिसते आहे. ती स्नायडर, म्हणजे मागून काडतूस भरायची रायफल आहे. ब्रिटिश सैन्याने ती १८६६ मध्ये स्वीकारली. राणीसाहेब त्याच्या आठ वर्षे आधी, जून १८५८ मध्ये, इथे ग्वाल्हेरातच धारातीर्थी पडल्या. लॉकप्लेटवर, म्हणजे घोड्याची यंत्रणा बसवलेल्या बाजूच्या पट्टीवर, १८५७ असेलही, कारण ठासणीच्या एन्फील्ड बंदुकांच्या नळ्या मागून कापूनच पहिल्या स्नायडर तयार केल्या गेल्या आणि लॉकप्लेट जुन्याच राहिल्या. विक्रेत्याला एवढे ठाऊक नसेल तर त्याने हा धंदा करू नये. ठाऊक असूनही त्याने राणीसाहेबांचे नाव लावले असेल, तर त्याला विश्वासू कसे म्हणता?

विश्वासू विक्रेता आमच्या आजोबांनी पाहिला होता. घरात टोपीची, म्हणजे घोडा टोपीवर आपटून बार उडणारी, एक जुनी ठासणीची बंदूक होती. ती शिंदे आणि इंग्रज यांच्यातल्या महाराजपूरच्या लढाईतली, असे आमच्याकडे सगळेच सांगत. आजोबांनी ती इथल्याच लष्कर भागातल्या एका म्हाताऱ्या शस्त्रविक्रेत्याला दाखवली. त्याने भिंग लावून लॉकप्लेट पाहिली. पुढच्या पायांत मुकुट धरून उभा असलेला सिंह, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीची खूण, आणि खाली साल १८४५. महाराजपूरची लढाई झाली २९ डिसेंबर १८४३ ला. “साहेब, ही त्या लढाईतली नाही,” असे त्याने तोंडावर सांगितले. कौतुक करून अर्ध्या किमतीत मागता आली असती किंवा तीच दंतकथा जोडून पुढे विकता आली असती. त्याने दोन्ही केले नाही. फक्त बजावले, की हिला तेलाच्या फडक्यापलीकडे काही लावू नका.

आम्ही ते पाळले. पुढे शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने परवान्यावर तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवता येतील असे ठरले आणि त्यात वारसाने आलेलीही धरली गेली. बाबांकडे आधीच बारा बोअरची बंदूक आणि ३१५ बोअरची रायफल होती, म्हणून आजोबांची बंदूक एका परवानाधारक दुकानात जमा केली. काही महिन्यांनी बघायला गेलो तर नळी आरशासारखी, दस्त्यावर ताजे व्हार्निश आणि लॉकप्लेट कोरी. सिंह गेला, साल गेले. आम्हाला न विचारता बफ मारला होता. दुकानदार म्हणाला, “आता गिऱ्हाईक पटकन मिळेल.” बाबा काही न बोलता दुकानाबाहेर आले. ती बंदूक आता महाराजपूरची म्हणून विका, नाहीतर राणीसाहेबांची म्हणून. दावा खोडून काढायला पुरावाच उरलेला नाही.

आणि आपल्या लेखात त्याच झळाळीचे कौतुक! ‘नव्यासारखी केलेली’ बंदूक ही विक्रेत्याची कामगिरी म्हणून सांगितली आहे. ठोकलेल्या खुणा, कारागिराची अक्षरे, पलटणीचे आकडे, सगळे त्या काळपट थराखालीच असते. ते घासणारा माणूस पुरावा नष्ट करतो.

याहून गंभीर चूक शेवटच्या चौकटीत आहे. शंभर वर्षांवरच्या बंदुकीला परवाना लागत नाही, असे आपण छापले. शंभर वर्षांची अट १९७२ च्या पुरावस्तू कायद्यातली आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात सूट आहे ती दुरुस्त करूनही चालवता येणार नाही अशा जुन्या शस्त्राला. आमची टोपीची बंदूक शंभरीच्या कितीतरी पुढची, तरी परवान्यावरच होती. चंबळच्या या मुलुखात घरोघर बंदुका आहेत. आपल्या चौकटीवर विसंबून कोणी आजोबांची ठासणी बिनपरवाना खुंटीला टांगली, तर पोलीस त्याच्या दारात येतील, आपल्या नाही.

किल्ल्यावरच्या लेखातली चूक कळवणारे माझे मागचे पत्र आपण छापले नाही. हे छापा किंवा छापू नका, पण चौकटीची दुरुस्ती उद्याच्याच अंकात, पहिल्या पानावर द्या.

घरात शस्त्रे असल्याने माझे नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.

आपला,
एक जुना वाचक
जनकगंज, लष्कर, ग्वाल्हेर