काळं ऑइल टाकायचं कुठं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार. सांगलीच्या शेरीनाल्याचं सांडपाणी कृष्णेत जातं यावर आपल्या पेपरात वर्षानुवर्षं येतंय, पण आम्हा गॅरेजवाल्यांकडनं काय बाहेर पडतं त्यावर कुणी बोलत नाही म्हणून लिहितोय. माझं टू व्हीलरचं गॅरेज आहे. एका गाडीचं ऑइल बदललं की जवळजवळ लिटरभर काळं ऑइल निघतं, चारचाकीचं तीन-चार लिटर, आता सांगली, मिरज, कुपवाड मिळून गॅरेजं किती ते बघा. यातलं काही सेंट्रिंगवाले काँक्रीट चिकटू नये म्हणून प्लेटांना लावायला नेतात, काही भट्टीत जळतं आणि उरलेलं रात्री गटारात जातं. इंजिन झिजून त्यात शिसं, तांबं असलं काय काय उतरलेलं असतं, आणि पाणी तर आपण कृष्णेचंच पितो.

केंद्र सरकारच्या २०१६ च्या नियमात हे ऑइल घातक कचऱ्यात धरलंय, परवाना असलेल्या रिसायकलवाल्यालाच द्यायचं आणि ९० दिवसांच्या वर साठवायचं नाही. नियम चांगलाच आहे हो, पण छोट्या गॅरेजात बॅरल भरायलाच महिने जातात आणि एका बॅरलसाठी लांबनं गाडी कोण पाठवणार?

बॅटरीचं बघा, जुनी दिली की नवीच्या किमतीत पैसे वजा होतात म्हणून जुनी बॅटरी कुणी फेकत नाही. ऑइलचंही तसंच करा. १ एप्रिल २०२४ पासून जुन्या ऑइलच्या रिसायकलिंगची जबाबदारी ऑइल कंपन्यांवर टाकलीय, मग नव्या ऑइलचे बॉक्स घेऊन डीलरची गाडी दारात येतेच की, त्याच गाडीत जुना कॅन परत जाऊ दे. महापालिकेनंही एक जागा ठरवून द्यावी.

तोवर गॅरेजवाल्या भावांनो, जुन्या ऑइलमध्ये थिनर, कूलंट, पाणी काही मिसळू नका, मिसळलेलं ऑइल घ्यायला रिसायकलवाले तयार होत नाहीत. सांडलं तर पाण्याचा पाईप मारू नका, भुसा टाकून गोळा करा आणि तो भुसा घंटागाडीत न टाकता वेगळा ठेवा. थिनर, बॅटरीचं ॲसिड पाण्याच्या बाटलीत तर कधीच नको, तहानलेलं पोरगं बघत नाही काय आहे ते, सरळ तोंडाला लावतं. आणि पोरांना पेट्रोलनं हात धुऊ देऊ नका, तळव्यांची सालं निघतात त्यांच्या, कपड्याची पावडर आणि थोडा भुसा चोळला तरी ग्रीस निघतं.

आपला,
एक गॅरेजवाला, सांगली