लेझर ट्रॅकर मागवण्याआधी

जिनिव्हा

चि. मंदारास अनेक आशीर्वाद.

बर्फाच्या कारखान्यातला कॉम्प्रेसर आणि मोटर जुळवायला पुण्याहून लेझर ट्रॅकर, म्हणजे लेझर किरणाने बिंदूंची जागा बारीक मोजणारं यंत्र, भाड्याने आणू का, असं तू विचारलंयस. आणू नकोस. त्या भाड्यात चांगला डायल गेज (बारीक सरकणं दाखवणारं काट्याचं माप), शिमचा (पायाखाली घालायच्या पातळ पत्र्यांचा) अख्खा संच आणि दोन थर्मामीटर येतील, वर पैसे उरतील.

इथे सर्न या अणुकण-संशोधन केंद्राच्या मोठ्या बोगद्यात गोष्ट वेगळी. २७ किलोमीटरचं वर्तुळ, त्यात १५ मीटर लांबीचे, ३५ टनी १,२३२ चुंबक, आणि शेजारच्याशी शेजारचा मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास जुळायला हवा. तिथे फार अचूक साधनं लागतातच. पण तिथेही सुरुवात होते ती पक्क्या बसवलेल्या संदर्भखुणांपासून, आणि तुझ्याकडे नेमक्या त्याच नाहीत. शेडच्या खांबावर रंगाने मारलेली रेघ म्हणजे बेंचमार्क, म्हणजे न हलणारी संदर्भखूण, नव्हे. बंदराजवळची जमीन भरावाची, ती पावसाळ्यात बसते आणि खांबही तिच्याबरोबर खाली जातो. भरावाबाहेर, कातळात स्टेनलेस स्टीलचे गोल डोक्याचे खिळे सिमेंटच्या पातळ गाऱ्यात पक्के बसव (ग्राउट कर), आणि तीन कर. दोनच असले आणि फरक आला, तर हललं कोण ते कळत नाही.

मग हवा. उंचीच्या दर मीटरला तापमान १ अंशाने बदलत असेल, तर ५० मीटरच्या नजरेत किरण सव्वा मिलिमीटर वाकतो. यंत्र दहा लाखांचं असो की कोटीचं, वाकतो तेवढाच. अंतर १० मीटरवर आणलंस तर तोच वाक ०.०५ मिमी होतो, कारण तो अंतराच्या वर्गाने वाढतो. म्हणून लेव्हल (पातळी बघायची दुर्बीण) जवळ लाव, मागची-पुढची नजर समान ठेव, आणि पत्रा तापायच्या आत, सकाळी आठपर्यंत, वाचनं उरक. करबुड्यासारख्या लांब बोगद्याची आखणी करताना भिंतीला चिकटून नजर नेली की दिशा हळूहळू एकाच अंगाला सरकत जाते. म्हणून स्टेशनं, म्हणजे यंत्र उभं करायच्या जागा, डाव्या-उजव्या भिंतीला आलटूनपालटून घेतात.

गवंड्याची लेव्हलची नळी कमी लेखू नकोस. इथेही पाण्याचीच पातळी वापरतात, फक्त पृष्ठभाग सेन्सर वाचतो, तोही पाण्याला न शिवता. नळीत बुडबुडा नको, हे तुला ठाऊक आहेच. उभ्या भागाकडे मात्र कुणी बघत नाही. ३० अंशांच्या आसपास १ मीटर उभं पाणी एका टोकाला ५ अंशांनी जास्त गरम असेल, तर पातळीत दीड मिलिमीटर फरक पडतो. आडवी नळी उन्हात असली तरी चालेल. दोन्ही टोकांचे उभे भाग आखूड आणि सावलीत हवेत.

आता जुळवणी. आधी सॉफ्ट फूट, म्हणजे यंत्राचा नीट न टेकलेला पाय, बघ: चारही बोल्ट आवळ, मग पायावर डायल लावून एकेक बोल्ट सैल कर. पाय ०.०५ मिमीपेक्षा जास्त उचलला तर त्याखाली शिम घाल. शिम स्टेनलेसचीच घे, साधी पट्टी खाऱ्या हवेत गंजते आणि फुगते. एका पायाखाली तीन-चारच्या वर शिम नकोत, गठ्ठा स्प्रिंगसारखा दबतो. डायलचा ब्रॅकेट स्वतःच्या वजनाने किती झुकतो ते आधी जाड पाइपावर फिरवून मोजून ठेव आणि वाचनातून वजा कर. रिमवर, म्हणजे दोन शाफ्ट जोडणाऱ्या कपलिंगच्या कडेवर, वरच्या आणि खालच्या वाचनांतला फरक हा खऱ्या सरकण्याच्या दुप्पट असतो. ०.२० दिसलं की ०.२० ची शिम घालणारे फिटर मी कमी पाहिले नाहीत. हवी असते ०.१०.

एवढं करूनही थंड असताना शून्यावर आणू नकोस. बिडाचा ३१५ मिमी उंचीचा सांगाडा ३० अंशांनी तापला की शाफ्टचा मध्य जवळपास ०.१ मिमी वर जातो, आणि मोटर व कॉम्प्रेसर सारखे तापत नाहीत. कंपनीच्या पुस्तकात थंड असतानाचा ऑफसेट (मुद्दाम ठेवायचा फरक) दिलेला असेल तो धर. मग दोन-तीन तास चालवून बंद कर, मेन स्विचला कुलूप लाव आणि लगेच पुन्हा डायल फिरव.

गरम वाचनं कागदावर लिहून फोटो पाठव. वर, खाली, डावं, उजवं, चारही. बाबांना आणि वहिनींना नमस्कार.

तुझा,
काका