गाडीबद्दल, सगळं

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

रविवारी आई फोनवर नुसतं "बरं" म्हणाली आणि फोन बाबांकडे दिला, तेव्हाच कळलं की दादा बोलून बसलाय. मला हे माझ्या तोंडून सांगायचं होतं, पण फोनवर नको होतं. आईचा आवाज बदलला की माझं निम्मं बोलणं घशातच राहतं. म्हणून सगळं सविस्तर लिहिते. आई, शेवटपर्यंत वाच. मधेच कागद बाबांकडे देऊन स्वयंपाकघरात जाऊ नकोस.

होय, मी गाडी घेतली. पोर्शे ९४४, १९८६ सालची. पैसे दिले, नावावर झाली, नंबरही मिळाला. त्यामुळे "एकदा विचार कर" असं आता म्हणू नका. विचार फार आधीपासून चालू होता, आणि तो बाबांना माहीत होता. आठवीत असताना या गाडीचं चित्र असलेलं कॅलेंडरचं पान मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं, ते कुणी काढू दिलं नव्हतं?

'पोर्शे' ऐकून तुमच्या डोळ्यांसमोर कोटींचे आकडे आले असतील. ही गाडी तसली नव्हे. इथं जर्मनीत साधी छोटी नवी गाडी घ्यायला जेवढे पैसे पडतात, त्याहून कमी पैशात ही मिळाली. कर्ज काढलेलं नाही. आईच्या गुडघ्यांचे पैसे वेगळ्या खात्यात आहेत आणि त्यातल्या एका युरोलाही मी हात लावलेला नाही. फ्लॅटचा हप्ता नेहमीच्या तारखेला जातोय. डिसेंबरचं तिकीट काढलंय. तीस वर्षांवरची गाडी नीट, मूळ रूपात ठेवलेली असली तर इथं तपासणी करून तिला ऐतिहासिक वाहन म्हणून मान्यता देतात, नंबरच्या शेवटी 'एच' अक्षर मिळतं. मग रोड टॅक्स ठरलेला, वर्षाला १९१.७३ युरो. विमाही स्वस्त पडतो, कारण रोजच्या वापराची गाडी वेगळी आहे हे त्यांना दाखवता येतं. हिशेबाची वही मी तशीच ठेवलीय, डावीकडे जमा, उजवीकडे खर्च. डिसेंबरमध्ये बाबांनी तपासावी.

आता बाबा, तुमच्यासाठी.

ही गाडी इथून जवळच बनली. ९४४ म्हणजे पोर्शे खरी, पण कारखाना ऑडीचा, नेकार्सुल्मचा. मी राहते तिथून पंधरा मिनिटांवर. इंजिन अडीच लिटरचं, चारच सिलिंडर. एवढी मोठी चार सिलिंडरची मोटार थरथरणार हे तुम्हाला सांगायला नको. त्यावर त्यांनी दोन बॅलन्स शाफ्ट बसवले, क्रँकच्या दुप्पट वेगानं, एकमेकांच्या उलट फिरणारे. ती युक्ती मित्सुबिशीकडून परवाना घेऊन आणलेली. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू असताना बोनेटवर हात ठेवला की पटतं. इंजिन पुढे आणि गिअरबॉक्स मागच्या चाकांपाशी, दोघांना जोडणारी एक लांब नळी. त्यामुळे पुढचं-मागचं वजन जवळजवळ निम्मं-निम्मं. वळणावर गाडी इतकी शांत बसते की तुम्ही शेजारी हवे होतात असं दरवेळी वाटतं. ताकद १६३ अश्वशक्ती. आईला फक्त एवढं सांगा की ब्रेक चारही चाकांना डिस्कचे आहेत.

आपल्या जुन्या पद्मिनी गाडीच्या इंजिनात टायमिंगला, म्हणजे व्हॉल्व्ह वेळेवर उघडायला-मिटायला, चेन होती, हिच्यात रबरी पट्टा आहे. तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिन गेलंच. लोक या गाडीला घाबरतात ते यासाठीच. पण घाबरायचं असतं ते पट्टा कधी बदलला याचं बिल दाखवता येत नसेल तेव्हा. बिल हातात असूनही मी घेतल्या घेतल्या टायमिंगचा आणि बॅलन्स शाफ्टचा असे दोन्ही पट्टे, रोलर आणि वॉटर पंप एकदम बदलून घेतले. पंप टायमिंगच्याच पट्ट्यावर फिरतो, मग पुन्हा सगळं कशाला उघडायचं? ताण मापकानं मोजून बसवला. नवा पट्टा थोडा चालला की सैल पडतो, म्हणून काही दिवसांनी परत मोजला. हे काम मी एकटीनं केलं नाही. याच गाड्यांत आयुष्य घालवलेले एक म्हातारे मेकॅनिक शेजारी उभे होते. ते तुमच्यासारखेच फार बोलत नाहीत, चुकीचा पाना उचलला की नुसता हात पुढे करतात.

घेताना काय काय पाहिलं तेही सांगते, नाहीतर रात्री झोपेतून उठून विचाराल. बॅटरीखालचा पत्रा पाहिला. तिथली पाणी जायची वाट तुंबते, ॲसिड उतरतं, पत्रा सडतो आणि पाणी आत पायांपाशी येतं. इथं कोरडं होतं. दारांखालचे उंबरे बोटांनी चाचपले. पत्रा जस्त चढवलेला आहे, तरी उंबरे विश्वास ठेवण्यासारखे नसतात. कूलंटच्या टाकीत तेलाचा तवंग नाही हे पाहिलं. इंजिनवरचे पेट्रोलचे रबरी पाइप जुने होते, ते पहिल्याच आठवड्यात काढून नवे घातले. या गाड्यांना आग लागते ती बहुतेक तिथूनच. पुढच्या चाकांना धरणाऱ्या ॲल्युमिनियमच्या आर्म्सचे बॉल जॉइंट झिजले होते, आर्म्ससकट बदलले. इंजिनाच्या कंट्रोल युनिटला आणि पेट्रोल पंपाला वीज देणारा डीएमई म्हणून एक रिले असतो, त्याचे डाक सुटले की गाडी भर रस्त्यात बंद पडते. तोही नवा घातला, आणि एक जास्तीचा डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवलाय. क्लच अजून ठीक आहे. तो बदलायचा झाला तर मागचा गिअरबॉक्स, ती नळी, सगळं उतरवावं लागतं, मजुरी भरपूर. त्यासाठी दर महिन्याला थोडे पैसे वेगळे टाकते.

आई, आता तुझं ऐक. जुनी गाडी म्हणजे धोक्याची, असं तू दादाला म्हणालीस. हिच्यात एअरबॅग नाही, हे खरं आहे आणि ते मी तुझ्यापासून लपवणार नाही. म्हणून तर ती कशी आणि कधी चालवायची हे ठरवून ठेवलंय. पावसाळी रात्री बाहेर काढत नाही. ऑटोबानवर शर्यत लावत नाही. नंबर एप्रिल ते ऑक्टोबरपुरताच घेतलाय, कारण हिवाळ्यात इथं रस्त्यावर मीठ टाकतात आणि मीठ पत्रा खातं. नोव्हेंबरपासून ती झाकून उभी. दर दोन वर्षांनी सरकारमान्य तपासणीस खालून-वरून पाहतो आणि त्याला पटलं तरच शिक्का देतो.

आणि मी उघड्यावर, थंडीत, फरशीवर पडून काम करते असं जे तुझ्या डोळ्यांसमोर आलंय, ते काढून टाक. इमारतीच्या तळघरात गॅरेज आहे, दिवा आहे, हीटर आहे. गुडघ्याखाली जाड गादी घेते. मोठं काम असलं तर लिफ्ट तासावर भाड्यानं मिळते, तिथं जाते. गाडी डोक्यावर असते आणि मी सरळ उभी. हातात मोजे असतात, नखं जातात म्हणून तू बोलायचीस ते अजून ऐकू येतं. डबा नेते, शनिवारी थालीपीठच असतं, भाजणी तुझीच. उपाशी राहत नाही. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जात नाही, स्टँड लावल्याशिवाय हातसुद्धा घालत नाही. बाबांच्या अंगठ्याचं आपण कुणी विसरलोय का?

बाबा, रविवारी सकाळी अंगणात तुम्ही पद्मिनीखाली आणि मी बॅटरी धरून उकिडवी. "उजेड माझ्या हातावर पाड, आभाळात नको." नट कुठल्या क्रमानं निघाले तसे जुन्या पेपरवर ओळीनं मांडायचे, आणि आईनं ते उचलून झाडून काढले त्या दिवशीचा तुमचा चेहरा! तुम्ही तिला एक शब्द बोलला नाहीत. मग आपण दोघं संध्याकाळपर्यंत कुठला नट कुठला ते लावत बसलो, आई मधूनमधून चहा आणत राहिली. मला वाटतं, माझं इंजिनिअरिंग तिथंच सुरू झालं, कॉलेज नंतर. इथं दिवसभर मी संगणकावर भाग जुळवते, आठवडाभरात एकही नट हाताला लागत नाही. शनिवारी गॅरेजमध्ये गेले की डोकं निवतं. हा छंद नसता तर मी इथं नुसती नोकरी करत बसले असते. तुम्हाला माझी आठवण येते तेव्हा मी एकटी, उदास बसलेय असं वाटतं ना? शनिवारी तसं वाटून घेऊ नका. शनिवारी मी मजेत असते.

आता जे तुम्ही कुणी विचारलं नाही, पण मनात आहे ते. गाडी घेतली म्हणजे पोरगी आता तिकडचीच झाली, असं आईनं धरलंय. आई, तसं नाही गं. परत यायचं की नाही, कधी यायचं, हे या गाडीवर ठरत नाही. ती उद्या विकता येते. तुमची तब्येत, माझं काम, हे सगळं पाहून आपण डिसेंबरमध्ये चौघं बसून बोलू. मी आज "येते" म्हणाले आणि मग जमलं नाही, तर तुला जास्त लागेल, म्हणून आज तो शब्द देत नाही. पण तुम्हाला रात्री-बेरात्री गरज पडली तर मी दुसऱ्या दिवशी सांगलीत असेन. त्याचेही पैसे वेगळे ठेवलेत.

मे महिन्यात तुम्ही दोघं या. बाबांच्या डॉक्टरांना प्रवासाचं विचारून घ्या, विमानात चाकाची खुर्ची मी सांगते, आईनं लाजायचं नाही. श्टुटगार्टला त्सुफेनहाउझेनमध्ये पोर्शेचं संग्रहालय आहे, तिथं बाबांना सोडते. ९४४ ची पुढची सीट खोल आहे, आईला उतरताना त्रास होईल, म्हणून आईसाठी माझी रोजची उंच गाडी. बाबांना एक फेरी माझ्या गाडीतून. मागची सीट बघू नका, ती नावालाच आहे.

आता मी सांगते ते करायचं. बाबा, अँजिओप्लास्टीनंतरच्या रक्त पातळ करायच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करायच्या नाहीत, दात काढायचा असला तरीही. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन होईपर्यंत रात्री गाडी चालवायची नाही, विश्रामबागेतसुद्धा नाही. आई, गुडघ्याचे व्यायाम टीव्ही बघताना होतात, ते चुकवू नकोस. खाली बसून भाजी निवडणं बंद. बाथरूममधली दांडी शोभेसाठी बसवलेली नाही, धर. आत्याला गाडीची किंमत सांगू नका, नुसतं "जुनी आहे" म्हणा.

आणि वॅगनआरचे टायर. गाडी कमी फिरते, खाचा नव्यासारख्या दिसतात, म्हणून तुम्ही ते बदलत नाही, मला माहितेय. खाचा बघून कळत नाही, रबर वयानं कडक होतं. टायरच्या बाजूला 'डीओटी' अक्षरांच्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन म्हणजे आठवडा, पुढचे दोन वर्ष. '२३१७' असेल तर २०१७ चा तेविसावा आठवडा. ते आकडे कधीकधी आतल्या बाजूला येतात, तेव्हा वाकू नका, कोपऱ्यावरच्या टायरवाल्या पोराला बोलवा. स्टेपनी धरून पाचही टायरचे फोटो मला गुरुवारपर्यंत हवेत. तोपर्यंत त्या टायरवर कोल्हापूरला जायचं नाही. फोटो आले नाहीत तर दादाला पाठवीन.

तुमची,
चिऊ